सातपुड्यातील अंतर : धडगाव ते तळोदा

नंदुरबार जिल्ह्याच्या नकाशावर धडगाव आणि तळोदा ही तालुक्यांची ठिकाणे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. त्यांच्या अक्षांशांतील फरक सुमारे १५ कलांचा आहे. एका अक्षांशास १११ किलोमीटर हे मान धरले, तर दोहोंमधील सरळ हवाई अंतर सुमारे २८ किलोमीटर येते, आणि ताशी २०० किलोमीटर वेगाच्या हेलिकॉप्टरास ते आठ-नऊ मिनिटांत आक्रमिता येईल. परंतु मध्ये सातपुड्याची रांग आडवी आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला असता, आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन निघालेल्या एका गृहस्थाची पत्नी वाटेतच मरण पावली. तेव्हा अंतर कशाने मोजावे, हा प्रश्न निव्वळ गणिताचा नव्हे.

जुन्या भाषेला हे ठाऊक होते असे दिसते. ‘कोस’ हा शब्द संस्कृत ‘क्रोश’ म्हणजे हाक, आरोळी यापासून आला; ‘योजन’ हा जुंपणे या अर्थाच्या ‘युज्’ धातूपासून; आणि ‘मजल’ हा मुक्काम दर्शविणाऱ्या अरबी ‘मंझिल’पासून. आवाजाचा पल्ला, जनावराचे श्रम आणि माणसाचा विसावा ही ती मापे होत. किलोमीटरच्या पाठीशी असा कोणताही देह नाही.

बोलीभूगोलाच्या अभ्यासकास याचे महत्त्व विशेष आहे. दर बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो. पण हे कोस सरळ रेषेतले की पायवाटेचे? शार्लट गूसकेन्स यांनी नॉर्वेतील बोलींचा अभ्यास करून २००४–०५ च्या सुमारास दाखविले, की तेथील बोलींमधील भेदाशी सरळ अंतरापेक्षा इ. स. १९०० च्या सुमारास लागणाऱ्या प्रवासकालाचा मेळ अधिक चांगला बसतो. आजचा प्रवासकाल तितका उपयोगी पडत नाही. कारण रस्ता झाला म्हणून बोली लगेच बदलत नाही. डोंगर आणि खाड्यांनी तुटलेल्या त्या देशाची सातपुड्याशी तुलना अगदीच गैर होणार नाही.

आपल्याकडे ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) भिल्ली बोलींत पावरी, देहवाली, मावची यांची नोंद आहे. त्या नोंदींचा अर्थ लावू पाहणाऱ्याने त्या काळचा पायी प्रवास डोळ्यांपुढे आणला पाहिजे. नेस्मिथ याने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा येथे कामी येतो : दर पाच किलोमीटरांस एक तास, आणि दर ६०० मीटर चढणीस आणखी एक तास. वाटेवरची एकूण चढण उदाहरणादाखल १२०० मीटर धरली, तर सरळ २८ किलोमीटरांनाही साडेसात तास लागतील. वळणे आणि ओझे निराळेच. शिवाय दोन्ही टोकांची उंची सारखी नसल्यास जाण्याचा व येण्याचा काळही सारखा राहत नाही. सरळ रेषेस हा भेद ठाऊक नसतो.

उत्तरेकडे नर्मदेकाठी तर अंतरे आपल्या हयातीतच बदलली. सरदार सरोवराने अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील गावे बाधित झाली, आणि जेथे पात्र ओलांडून पलीकडे जाता येई तेथे आता नाव लागते. तेथील बोलींचे नमुने घेणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक गावासाठी प्रवासकालाचे दोन रकाने ठेवावेत, एक जलाशयापूर्वीचा व एक नंतरचा. आणि पहिला रकाना गावातील वृद्धांना विचारून आताच भरून घ्यावा.