चढाई टिपायची, कोकणकडाही टिपायचा: कॅमेऱ्याच्या बॉडीबद्दलचे गैरसमज

शनिवारी रात्री दिव्यांच्या झोतात कबड्डी आणि रविवारी पहाटे गडावर सूर्योदय, असा दुहेरी नाद असलेले छायाचित्रकार आपल्याकडे पुष्कळ आहेत. नवी बॉडी घ्यायची म्हटली की त्यांच्यावर दोन्हीकडून सल्ल्यांचा मारा होतो. खेळवाले म्हणतात वेग बघ, निसर्गवाले म्हणतात मेगापिक्सेल बघ, दुकानदार म्हणतो हे नवं मॉडेल बघ. यातलं बरंचसं दहा-पंधरा वर्षांपूर्वी खरं होतं, काही कधीच नव्हतं. मूळ मुद्दा मात्र बाजूला राहतो. हे दोन नाद बॉडीकडे सारख्याच मागण्या करत नाहीत. डोंगर आपण ट्रायपॉड लावेपर्यंत थांबतो, चढाईपटू थांबत नाही. म्हणून बॉडी खेळासाठी निवडावी आणि निसर्गदृश्यासाठी तिच्यात काय उणं आहे ते मग तपासावं, असं माझं मत आहे.

‘जितके मेगापिक्सेल जास्त, तितका कॅमेरा भारी’

२४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. इंचाला ३०० ठिपके या चांगल्या छपाईच्या हिशोबाने त्याचा २० इंच रुंद प्रिंट निघतो. ४५ मेगापिक्सेलवर गेलात तर रुंदी साडेसत्तावीस इंच होते. आकडा जवळजवळ दुप्पट झाला, रुंदी वाढली सुमारे ३७ टक्के. घरच्या भिंतीसाठी, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी किंवा मोबाइलच्या पडद्यासाठी २४ पुरून उरतात.

खेळाच्या धंद्यातल्या लोकांनी तर हा आकडा मुद्दाम कमी ठेवलेला दिसतो. निकॉनचा डी५ २०.८ मेगापिक्सेलचा, कॅननचा वन-डीएक्स मार्क थ्री २०.१ चा, कॅननचा आर३ २४.१ चा. आपापल्या काळात हे त्या कंपन्यांचे सर्वांत महागड्या रांगेतले कॅमेरे होते. छोटी फाइल लवकर लिहिली जाते आणि मध्यंतराच्या आत वृत्तपत्राच्या कचेरीत पोहोचते.

तरीही दुहेरी नादवाल्याने जास्त मेगापिक्सेल घ्यावेत असं एक कारण आहे, आणि ते प्रिंटचं नाही. निकॉन झेड८ सारख्या ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम बॉडीला क्रॉप मोडवर टाकलं की उरतो सुमारे १९ मेगापिक्सेलचा फोटो, म्हणजे खेळासाठी पुरेसा. गडावर पूर्ण सेन्सर वापरायचा, मैदानावर त्याचा मधला भाग. पिशवीत एकच बॉडी, काम दोन बॉडींचं.

‘सेकंदाला किती फ्रेम, ते सांगा’

जाहिरातीतला सर्वांत मोठा आकडा हल्ली हाच असतो: २०, ३०, ४०, १२०. तो खोटा नसतो, पण अर्धवट असतो. खरा प्रश्न असा की सेन्सर आपल्यावर पडलेलं चित्र किती झटकन वाचून काढतो.

जास्त फ्रेमचा आकडा बहुधा इलेक्ट्रॉनिक शटरचा असतो. त्यात पडदा हलत नाही. सेन्सर ओळीमागून ओळ वाचत जातो. साध्या सेन्सरला वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत यायला सेकंदाचा पंधरावा ते पन्नासावा भाग लागतो. तुम्ही शटर स्पीड १/४००० ठेवा नाहीतर १/८०००, वाचायचा वेळ तेवढाच राहतो. तेवढ्यात बॅट बरीच पुढे गेलेली असते, म्हणून फोटोत ती वाकडी दिसते. खो-खोत सूर मारणाऱ्या खेळाडूचा हात खांद्यापासून तिरका ताणल्यासारखा येतो. स्टॅक्ड सेन्सरच्या बॉडी हे वाचन कितीतरी वेगाने उरकतात. निकॉन झेड९ ला तर यांत्रिक शटरच दिलेलं नाही, इतका तिचा सेन्सर चपळ आहे. सोनीने २०२३ मध्ये आणलेल्या ए९ थ्रीमध्ये सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपले जातात, त्यामुळे वाकडेपणाचा प्रश्नच संपतो. त्याची किंमत मात्र गडावर मोजावी लागते, ते पुढे येईलच.

दुसरा घोळ दिव्यांचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना कळत नाही. १/१००० च्या शटरला कळतं: एक फ्रेम उजळ, पुढची काळपट, तिसरी पिवळट. १/१०० ठेवलं तर लुकलुक जाते आणि चढाईपटूही धुरकट होऊन जातो. यावर अँटी-फ्लिकर नावाची सोय असते. दिवा प्रखर असतानाच शटर उघडावं असा मेळ ती घालते. स्वस्त एलईडी असलेल्या हॉलमध्ये संथ सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक शटर एकत्र आले की फोटोवर आडवे पट्टे येतात. तिथे यांत्रिक शटरवर परतावं. सेकंदाला १० फ्रेम मिळाल्या तरी त्या वापरता येण्याजोग्या असतात.

तिसरी गोष्ट बफर आणि कार्ड. एक रॉ फाइल २५ एमबीची धरू. सेकंदाला २० फ्रेम म्हणजे ५०० एमबी. यूएचएस-वन जातीच्या एसडी कार्डाची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी, यूएचएस-टूची ३१२. येणारा माल जाणाऱ्यापेक्षा जास्त, त्यामुळे बफर काही सेकंदांत तुंबतो आणि कॅमेरा अडखळू लागतो. कबड्डीची चढाई ३० सेकंदांची, आणि पकड होते ती बहुधा शेवटी. चढाई सुरू होताच बटण दाबून धरणाऱ्याचा कॅमेरा नेमका पकडीच्या वेळी दम टाकतो. सीएफएक्सप्रेस कार्ड घेणारी बॉडी महाग असते, कार्डही महाग असतं, पण खेळासाठी हा खर्च मेगापिक्सेलपेक्षा आधी करावा. ते परवडत नसेल तर जेपेगवर टिपावं आणि बटणावर थोडक्यात, हप्त्याहप्त्याने बोट ठेवायला शिकावं.

‘आता एआय आहे, फोकसची चिंता नको’

नव्या बॉडी माणूस, त्याचा चेहरा, डोळा, पक्षी, गाडी ओळखतात, आणि एकटा धावपटू असेल तर थक्क व्हावं इतक्या अचूकपणे त्याला धरून ठेवतात. पण कबड्डीत समोर सात बचावपटूंची साखळी, मध्ये एक चढाईपटू, मागे पंच आणि प्रेक्षक. डोळे डझनभर, त्यातला कोणता धरायचा हे कॅमेऱ्याला कोण सांगणार? कुस्तीत तर दोन पैलवान एकमेकांत असे गुंतलेले असतात की दोघांचेही चेहरे मातीकडे. डोळा शोधणारी यंत्रणा तिथे हतबल होते आणि काठावर बसलेल्या पंचावर उडी मारते.

कॅननने २०२४ मध्ये आर१ आणि आर५ मार्क टू बाजारात आणताना खेळ ओळखून फोकस हलवणारी सोय दिली. शॉट मारणारा कोण, उडी घेणारा कोण, हे ती हेरते. तिला शिकवलेले खेळ होते फुटबॉल, बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल. आपल्या मातीतले खेळ त्या यादीत नव्हते. म्हणून कबड्डीसाठी बॉडी घेताना यंत्रणा किती हुशार आहे यापेक्षा ती किती ऐकते ते पाहावं. फोकसचं क्षेत्र लहान करून हव्या त्या जागी ठेवता येतं का, मध्ये दुसरा खेळाडू आडवा आला तर लगेच त्याच्याकडे न वळण्याची सूचना देता येते का, आणि डोळ्याची ओळख एका बटणासरशी बंद होते का?

‘फुल फ्रेमशिवाय पर्याय नाही’

फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, एपीएस-सी सुमारे २३.५ बाय १५.६ चा. क्षेत्रफळ सव्वादोन पटीहून थोडं जास्त, म्हणजे अंधारात फायदा साधारण एका स्टॉपचा. फायदा खराच आहे, पण त्याची तुलना लेन्सशी करून बघा. हॉलमध्ये १/१००० शटर आणि एफ/२.८ ला साधारण ३२०० आयएसओ लागत असेल, तर बॉडीसोबत आलेल्या एफ/६.३ च्या झूम लेन्सला त्याच ठिकाणी १६००० लागेल. एफ/२.८ ची लेन्स पाचपट प्रकाश आत घेते. बॉडी बदलून दुप्पट, लेन्स बदलून पाचपट. तरीही माणसं आधी बॉडी बदलतात, कारण लेन्सचं कौतुक कोणी करत नाही.

मोठ्या मैदानावर छोटा सेन्सर सोयीचाच पडतो. क्रिकेटच्या सीमारेषेपासून ७० मीटरवरचा फलंदाज ४०० मिमी लेन्सने टिपला तर फुल फ्रेमवर सव्वासहा मीटर रुंदीचं दृश्य येतं, एपीएस-सीवर जेमतेम चार मीटरचं. लेन्सची फोकल लेंग्थ काही वाढत नाही, ती ४०० च राहते. कडेचा भाग तेवढा कापला जातो. पण खांद्यावरचं वजन आणि खिशाला लागलेली कात्री, दोन्ही बऱ्याच कमी होतात.

‘निसर्गदृश्यासाठी तर अगदी नवीच बॉडी हवी’

हा मला सर्वांत महागात पडणारा गैरसमज वाटतो. सांदण दरीत उभं राहून फोटो काढायचा तर पायाशी अंधार आणि वर आभाळाची पांढरी फट. इथे लागते ती डायनॅमिक रेंज, म्हणजे गडद आणि उजळ दोन्हींतले बारकावे एका फाइलमध्ये धरायची ताकद. ती कमीत कमी आयएसओला सर्वाधिक असते आणि गेल्या दशकभरात तिच्यात फारशी झेप झालेली नाही. २०१७ चा निकॉन डी८५० घ्या: ४५.७ मेगापिक्सेल, मूळ आयएसओ ६४. कोकणकड्यावरच्या सूर्यास्तासाठी आजही त्याच्यात उणं काढायला जागा नाही.

उलट वेगासाठी बनवलेले सेन्सर इथे थोडं गमावतात. ए९ थ्रीचा मूळ आयएसओच २५० पासून सुरू होतो. निकॉनचा २०२४ चा झेड६ थ्री सेन्सर झटकन वाचतो, पण सर्वांत खालच्या आयएसओला त्याची डायनॅमिक रेंज आधीच्या झेड६ टूपेक्षा जवळपास एका स्टॉपने कमी भरते. कॅनन आर६ मार्क टूमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं की रॉ फाइल १४ ऐवजी १२ बिटची होते. यावर उतारा सोपा आहे. गडावर यांत्रिक शटर असेल तर ते लावा, ट्रायपॉडवर कमी-जास्त प्रकाशाच्या तीन फ्रेम घ्या, घरी जोडा. कबड्डीत असा उतारा नसतो. पकड पुन्हा होत नाही. आणि जेपेगवरच टिपणार असाल तर डायनॅमिक रेंजचा वाद घालू नका, त्यातला मोठा हिस्सा कॅमेरा स्वतःच फेकून देतो.

आणखी काही, थोडक्यात

बॉडीतलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर थोपवतं, खेळाडूची धाव नाही. संध्याकाळी ट्रायपॉडविना धबधबा टिपायला ते उत्तम, खेळाला त्याचा उपयोग नगण्य.

‘वेदर सील्ड’ म्हणजे जलरोधक नव्हे. बहुतेक उत्पादक संरक्षणाचं ठोस मानांकन देतच नाहीत. ओएम सिस्टिमचा आयपी५३ मानांकन असलेला ओएम-१ हा अपवाद. लेन्सही सील्ड नसेल तर बॉडीचं सील अर्धंच. आंबोलीच्या पावसात प्लास्टिकचं कव्हर हवंच, आणि घरी आल्यावर ओली पिशवी बंद करून ठेवू नका. सह्याद्रीत लेन्सचा खरा शत्रू बुरशी आहे.

डीएसएलआर संपले, हे नव्या मॉडेलांपुरतं खरं आहे. वापरणाऱ्यासाठी ती उलट पर्वणी. निकॉन डी५०० (२०१६, सेकंदाला १० फ्रेम, १५३ फोकस बिंदू) जुन्या बाजारात मिळाला तर अर्ध्या बजेटात खेळाची बॉडी होते आणि उरलेल्यात एफ/२.८ ची जुनी लेन्स बसते. वाचन संथ असण्याचा प्रश्न इथे येत नाही, कारण शटर यांत्रिक आहे. बॅटरीही मिररलेसपेक्षा कितीतरी जास्त टिकते, आणि दोन दिवसांच्या ट्रेकला चार्जिंग कुठून आणणार? शटर काउंटला फार घाबरू नका: डी५०० च्या शटरची चाचणी २ लाख वेळा झालेली आहे, पण तो आकडा ओलांडताच कॅमेरा मरतो असं नाही आणि त्याआधी मरणार नाही अशी हमीही नाही.

मुंबईच्या फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा आपल्या गावच्या दुकानात जाताना स्वतःचं कार्ड खिशात ठेवा. रॉवर लावून बटण दाबून धरा आणि कॅमेरा कितव्या फ्रेमला अडखळतो ते मोजा. मग दुकानातल्या एलईडीखाली इलेक्ट्रॉनिक शटरने १/१००० वर चार फोटो काढून पडद्यावर पट्टे दिसतात का ते पाहा. बिलाविना स्वस्तात देतो म्हणाला, तर वॉरंटी कोणाची, हे आधी विचारा.