गिअरचा नॉब बदलताना…

गिअर बदलताना नॉब हातात येणे ही वरवर किरकोळ बाब वाटते. परंतु घाटाच्या चढावर किंवा भर चौकात ती अपघातास निमंत्रण ठरू शकते. सैल झालेला नॉब घरच्या घरी बदलता येतो. मात्र, तो दांडीवर कसा बसवला आहे, हे आधी ओळखावे लागते.

मोटार सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे, हँडब्रेक ओढावा. दांडीभोवतीचे आवरण खाली सरकवून पाहावे. बारीक स्क्रू दिसल्यास तो आधी सैल करावा. आट्यांचा नॉब घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवला की निघतो. दाबून बसवलेला नॉब सरळ वर ओढावा लागतो. तो एकदम सुटतो, म्हणून चेहरा बाजूला ठेवावा.

नव्या नॉबच्या दिसण्यापेक्षा आट्यांचे माप महत्त्वाचे. दांडीचा व्यास १० मिलिमीटर असला, तरी दोन आट्यांमधील अंतर १.२५ किंवा १.५ मिलिमीटर असू शकते. चुकीच्या मापाचा नॉब जोर लावून बसवल्यास दांडीचेच आटे झिजतात. रिव्हर्ससाठी कडी उचलावी लागत असल्यास ती मोकळी हलली पाहिजे. ऑटोमॅटिक मोटारीत नॉबचे बटण गिअरच्या यंत्रणेशी जोडलेले असते. ते काम मेकॅनिककडेच सोपवावे.

शेवटी इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सर्व गिअर टाकून पाहावेत. नॉब किंचितही हलत असेल, तर मोटार रस्त्यावर आणू नये.