झाडाच्या खोडावर सापडलेला कॅडमियमचा माग

२०१३च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील पोर्टलंड शहरात काही माणसं रस्त्याकडेच्या झाडांच्या खोडांवरून मॉस खरवडून घेत होती. ओरेगॉन राज्यातल्या या शहराचा हिवाळा पावसाळी. झाडांची पानं गळलेली असली, तरी खोडं त्या दिवसांत हिरवीगार असतात. काम अमेरिकी वनखात्याच्या शास्त्रज्ञांचं होतं. त्यांतले जेफ्री डोनोव्हन मूळचे अर्थशास्त्रज्ञ. झाडं आणि माणसाचं आरोग्य यांचा संबंध आकडेवारीतून तपासणारे. त्यांच्या सहकारी सारा जोवान लायकेन, म्हणजे दगडफुलाच्या कुळातल्या सजीवांच्या अभ्यासक. शहरभरातून ३४६ ठिकाणचे नमुने जमा झाले. सगळे एकाच जातीच्या मॉसचे: ऑर्थोट्रायकम लायेली.

नमुन्यांतली साल आणि काडीकचरा वेचून काढून ते वाळवले, दळले आणि त्यांतल्या २२ मूलद्रव्यांचं प्रमाण मोजलं गेलं. त्यांपैकी कॅडमियम या जड धातूचे आकडे नकाशावर मांडले, तेव्हा दोन जागी ते एकदम चढलेले दिसले. एक जागा शहराच्या आग्नेय भागात, दुसरी उत्तरेला. दोन्ही ठिकाणी रंगीत काच बनवणारे कारखाने होते, बुल्सआय ग्लास आणि युरोबोरोस ग्लास. काचेला झळझळीत पिवळा, नारिंगी किंवा लाल रंग आणायचा, तर कॅडमियमची संयुगं वापरली जातात. भट्टीच्या प्रचंड उष्णतेत त्यांचा काही अंश उडतो आणि धुराड्यातून बाहेर पडतो. कॅडमियम हे माणसात कर्करोग घडवणारं द्रव्य म्हणून सिद्ध झालेलं आहे. एकदा शरीरात गेलं की मूत्रपिंडात साचतं आणि वर्षानुवर्षं तिथून हलत नाही.

मॉसने बोट दाखवलं, म्हणून तिथे यंत्र गेलं. ओरेगॉनच्या पर्यावरण विभागाने ऑक्टोबर २०१५मध्ये बुल्सआयच्या जवळ हवा तपासणारं उपकरण ठेवलं. तिथल्या हवेत कॅडमियमची सरासरी घनमीटरमागे २९.४ नॅनोग्रॅम भरली. राज्याने सुरक्षित मानलेली पातळी होती ०.६ नॅनोग्रॅम. म्हणजे ४९ पट! काचेतले बुडबुडे घालवण्यासाठी वापरलं जाणारं आर्सेनिक तर त्याच्या सुरक्षित पातळीच्या १५९ पट निघालं. फेब्रुवारी २०१६मध्ये ही बातमी फुटली आणि शहर हादरलं. कारखान्याच्या परिसरात घरं होती, शाळा होती, पाळणाघर होतं. परसातल्या भाज्या तूर्त खाऊ नका, असा सल्ला आसपासच्या रहिवाशांना देण्यात आला.

इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारखाने चोरून चालत नव्हते. बुल्सआयचा कारखाना १९७४पासून तिथेच होता आणि त्याच्याकडे रीतसर परवाना होता. पण ज्या पद्धतीच्या भट्ट्या तो वापरत होता, त्या घातक वायुप्रदूषणाच्या कडक नियमांच्या बाहेर समजल्या जात होत्या. त्यामुळे धूर गाळणारी यंत्रणा बसवण्याची सक्ती नव्हती. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. हवेतले जड धातू मोजणारी यंत्रं महाग असतात, त्यांना वीज लागते, देखभाल लागते, म्हणून शहरात ती मोजकीच असतात. धुराड्यातून बाहेर पडलेल्या धातूचं प्रमाण तर अंतरागणिक झपाट्याने घटतं. दोन-चार किलोमीटरवरचं यंत्र अगदी चोख चालत असलं, तरी कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्या मुलाच्या छातीत काय जातंय, ते त्याला कळत नाही. मॉस मात्र गल्लोगल्ली होतं.

मॉसला हवेतले धातू टिपणं जमतं ते त्याच्या साध्या रचनेमुळे. शाळेच्या पुस्तकात ब्रायोफायटा गटात भेटणारी ही वनस्पती. तिला खरी मुळं नसतात. असतात ते धाग्यांसारखे मूलाभ, खोडाला किंवा दगडाला धरून राहण्यापुरते. पाणी वर चढवणाऱ्या नलिकाही नसतात. बहुतेक जातींत पान एकाच पेशीच्या जाडीचं, आणि आंब्याच्या किंवा वडाच्या पानावर असतो तसा मेणचट थर त्यावर जवळजवळ नसतोच. त्यामुळे मॉसचं अन्नपाणी येतं ते पावसातून, धुक्यातून आणि वाऱ्यावरच्या धुळीतून. पेशीभित्तिकेवर ऋण प्रभार असतो, धातूंचे आयन धन प्रभाराचे. ते तिला चिकटतात आणि राहतात. यंत्र त्या-त्या दिवसाचा आकडा सांगतं, तर मॉस ही हवेची खतावणी आहे, साचत आलेल्या जमेची.

ही कल्पना मात्र पोर्टलंडची नव्हे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये ऑके र्यूलिंग आणि गेर्मुंड ट्यूलर यांनी जंगलातल्या मॉसमधलं शिसं आणि इतर जड धातू मोजायला सुरुवात केली. उत्तरेकडच्या त्या जंगलांत हायलोकोमियम स्प्लेंडेन्स नावाचं एक देखणं मॉस जमिनीवर गालिच्यासारखं पसरतं. दरवर्षी जुन्या फांदीच्या पाठीतून नवा फाटा निघतो, आणि पायऱ्यांवर पायऱ्या चढाव्यात तशी त्याची वाढ होत जाते. पायऱ्या मोजल्या की वय कळतं. वरच्या तीन कापून घेतल्या की ढोबळमानाने गेल्या तीन वर्षांची हवा हाती येते. १९९०पासून युरोपातले अनेक देश दर पाच वर्षांनी हजारो ठिकाणचं मॉस एकाच पद्धतीने तपासत आले आहेत. त्यांची शिस्त वाचण्यासारखी आहे. नमुना मोठ्या रस्त्यापासून निदान ३०० मीटर दूरचा हवा, झाडाच्या पानांवरून पाणी ठिबकतं त्या जागेचा नको, तो धुवायचा नाही आणि हाताळताना धूम्रपान अजिबात करायचं नाही. तंबाखूतही कॅडमियम असतंच. या मोजणीत १९९० ते २०१० या काळात मॉसमधलं शिसं तीन-चतुर्थांशाहून अधिक घटलेलं दिसलं. पेट्रोलमधून शिसं काढण्याच्या निर्णयाचा यात मोठा वाटा आहे.

जिथे मॉस उगवतच नाही, अशा ठिकाणचं काय? वेल्समधल्या स्वान्झीच्या धातू गाळणाऱ्या पट्ट्यात गुडमन आणि रॉबर्ट्स या शास्त्रज्ञांनी त्यावर तोड काढली आणि १९७१मध्ये ती प्रसिद्ध केली. स्वच्छ भागातलं मॉस आणायचं, जाळीच्या पिशव्यांत भरायचं, हव्या त्या ठिकाणी टांगायचं आणि काही आठवड्यांनी उतरवून तपासायचं. मॉस जिवंत असलंच पाहिजे असंही नाही. वाळलेलंही धातू धरून ठेवतं.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मॉसमधल्या आकड्यावरून हवेत घनमीटरमागे किती नॅनोग्रॅम आहेत, ते थेट सांगता येत नाही. कुठे जास्त, कुठे कमी, एवढं ते भरवशाने सांगतं. मॉसमध्ये धातू जास्त, म्हणजे मातीतही जास्त, असंही नाही. पोर्टलंडमध्ये पुढे माती तपासली, तेव्हा तिच्यातले धातू एकंदरीत नैसर्गिक पातळीच्या आसपासच निघाले. म्हणजे खरा प्रश्न श्वासाचा होता. नियमभंगाचा निवाडा करायला यंत्रच लागतं. पण यंत्र कुठे ठेवायचं, हे ठरवायला मॉससारखा स्वस्त वाटाड्या नाही. ओरेगॉनने २०१६मध्येच रंगीत काचेच्या कारखान्यांसाठी वेगळे नियम केले आणि २०१८मध्ये उद्योगांच्या विषारी उत्सर्जनाला आसपासच्या लोकांच्या आरोग्याचा निकष लावणारी नवी व्यवस्था आणली.

पुढचा अध्याय शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातला, आणि तो अधिक हुरूप देणारा आहे. सिॲटलच्या डुवामिश नदीच्या खोऱ्यात कारखान्यांना खेटून गरीब आणि स्थलांतरितांच्या वस्त्या आहेत. तिथल्या किशोरवयीन मुलांनी २०१९मध्ये प्रशिक्षण घेऊन आपल्याच वस्तीतल्या झाडांवरचं मॉस गोळा केलं आणि वनखात्याच्या शास्त्रज्ञांनी ते तपासलं. ज्यांच्या नाकातोंडात तो धूर जातो, त्यांनीच त्याची मोजणी करावी, यापेक्षा रास्त काय असणार!

आपल्या देशात कुमाऊँ-गढवालच्या डोंगराळ भागात मॉसवरून धातूंची मोजणी झालेली आहे. महाराष्ट्रात सह्याद्रीचा पट्टा सोडला, तर पावसाळा सरला की मॉस वाळून जातं; म्हणून चंद्रपूर किंवा तारापूरसारख्या औद्योगिक ठिकाणी पिशव्यांची पद्धतच सोयीची पडेल. धातू मोजण्याची उपकरणं आपल्या विद्यापीठांत आहेत, आणि वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रकल्पासाठी विषय हवाच असतो. प्राध्यापकांनी हा विषय त्यांच्या हाती द्यावा. जिथे मॉस आपसूक उगवतं, तिथे नमुना भिंतीवरून घेऊ नका, कारण चुन्या-सिमेंटमधले आणि रंगातले धातूही त्यात उतरतात. झाडाच्या खोडावरून घ्या, एकाच जातीचा घ्या आणि जागेची नोंद नीट ठेवा. सुरुवात येत्या पावसाळ्यातच करता येईल.