फाट्यावरची जागा : घेण्याआधी कागद, देण्याआधी करार

वारंगा फाट्यावर एखादा गाळा घ्यावा, तो भाड्याने द्यावा आणि घरबसल्या उत्पन्न मिळवावे, असा विचार घेऊन अनेक तरुण आमच्या कापड दुकानात सल्ल्यासाठी येतात. विचार वाईट नाही. नांदेड-हिंगोली आणि नागपूर-तुळजापूर हे रस्ते येथे मिळतात, त्यामुळे गिऱ्हाईक रस्त्यानेच चालत येते. परंतु या व्यवहारात आम्हाला स्वतःला ठेच लागली आहे, म्हणून नवख्यांसाठी काही गोष्टी सांगणे जरूर वाटते.

प्रथम हिशेब. समजा गाळा १२ लाखांना पडला आणि भाडे महिना ६,००० आले, तर वर्षाचे ७२,००० झाले. एक महिना गाळा रिकामा राहिला व दुरुस्ती आणि कर यांत ६,००० गेले, तर हाती ६०,००० उरतात, म्हणजे शेकडा ५. कापडातील भांडवल वर्षातून दोन-तीनदा फिरते, जागेतील अडकून बसते. म्हणून चालू धंद्यातील पैसा काढून जागा घेऊ नये. बाजूला पडलेली बचत असेल तरच घ्यावी.

दुसरी गोष्ट मालकीची. विकणारा बहुधा ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतो. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. नोटरीच्या कागदानेही मालकी येत नाही, खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. सातबारा, सर्व फेरफार आणि मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पत्रकही पाहावे. त्याआधीचे निजामकाळचे कागद उर्दूत असतात. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाल्याने लोक ते वाचून घेण्यासाठी आमच्याकडे आणतात. त्यात ‘खिदमतमाश’ हा शब्द दिसला की आम्ही सौदा थांबवण्यास सांगतो. मशीद, दर्गा किंवा देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेली ती इनाम जमीन असते. ती खाजगी मालमत्तेसारखी विकता येत नाही. ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिले असेल तर सरकारी परवानगी आहे काय, ते विचारावे.

शेतातून पाडलेले एक-दोन गुंठ्यांचे प्लॉटही जपून घ्यावेत. १९४७ चा तुकडेबंदी कायदा त्यांना आडवा येतो. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० व बागायतीसाठी १० गुंठे ठरले. २०२५ मध्ये काही सवलती मिळाल्या, पण त्या आपल्या गट नंबरला लागू होतात काय, हे तहसील कार्यालयात विचारल्याशिवाय बयाणा देऊ नये.

तिसरी गोष्ट रस्त्याची. अगदी रस्त्यालगतची जागा सर्वांत महाग आणि सर्वांत जोखमीची. बांधकामासाठी रस्त्याच्या मध्यापासून किती अंतर सोडावयाचे, ते आधी मोजून घ्यावे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ प्रमाणे कलम ३-अ ची अधिसूचना म्हणजे जमीन घेण्याचा इरादा. ३-ड निघाली की जमीन केंद्र सरकारची होते. त्यानंतर खरेदी करणारा जागा घेत नाही, भांडण विकत घेतो.

शेवटी भाडेकरू. आम्ही एक गाळा केवळ ओळखीवर, तोंडी बोलीने दिला. दोन वर्षांनी भाडे थांबले आणि भाडेकरू म्हणू लागला की बोलणे दहा वर्षांचे झाले होते. आमच्याजवळ चिठ्ठीही नव्हती. अखेर पदरचे पैसे देऊन गाळा सोडवला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे ही मालकाची जबाबदारी आहे. तसा नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी धरल्या जातात. हा कायदा परिशिष्टातील क्षेत्रांपुरता आहे. आपले गाव त्यात नसले तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ पाहावा लागतो. पण गाव कोणतेही असो, करार नोंदवावा, मुदत व अनामत त्यात लिहावी, विजेचे मीटर वेगळे ठेवावे आणि दरमहा पावती द्यावी.

नोंदणीचा खर्च पाहून पुष्कळ जण मागे सरतात. आम्हीही सरलो होतो. गाळा सोडवण्यास जे मोजले, त्यात असे कितीतरी करार नोंदवून झाले असते.