पळायला समुद्र नसतो तेव्हा

दुकानातल्या दोन फुटी टाकीत तीस-पस्तीस निळे डॅमसेल खेळीमेळीने फिरत होते. कुणी कुणाच्या अंगावर जात नव्हतं, एकाचाही पंख फाटलेला नव्हता. "एकदम कडक मासा, मरत नाही. सुरुवातीला हाच टाका," दुकानदार म्हणाला. स्वस्तही होता. मी दोन घेतले. पंधरा दिवसांत एक उरला, आणि त्या बोटभर माशाने पुढचे चार महिने टाकीवर राज्य केलं.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. मासा कडक होताच. त्याने एवढंच सांगितलं नाही की दुकानातली शांतता ही गर्दीची शांतता असते. खेचाखेचीत कुणालाच कोपरा धरता येत नाही, त्यामुळे कुठल्या एकाची दादागिरी टिकत नाही. तोच मासा रिकाम्या डब्यात चढला की खिडकीत रुमाल टाकतो.

कुठल्या जातीचं कुठल्या जातीशी जमतं याचे तक्ते सगळीकडे मिळतात. ते अगदीच टाकाऊ नसतात, पण पत्रिका जुळवल्यासारखे असतात. छत्तीस गुण जुळले तरी घर केवढं आहे आणि त्यात आधी कोण राहायला आलंय, हे पत्रिकेत येत नाही. प्रवाळाच्या खडकावर मार खाल्लेला मासा दहा फूट लांब निघून जातो आणि विषय संपतो. टाकीत तो काचेला धडकून परत त्याच माशाच्या दारात येतो. त्यातून खाणं सुटतं, अंगावर पांढरे ठिपके उठतात, आणि आपण म्हणतो, रोग आला.

माझी टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. कागदावर १९० लिटर. दगड-वाळू गेल्यावर पाणी दीडशेच्या आसपास. लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबाने त्यात पाच किलोहून जास्त मीठ विरघळवलं. एवढ्या पाण्यात लहान चणीचे पाच-सहा मासे, बस. आणि तेही लगेच नाही. टाकी 'सायकल' व्हायला, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वसायला, चार ते सहा आठवडे लागतात. डॅमसेल आधी टाकायची रीत आली ती इथूनच: हे विषारी आठवडे सोसायला एक बळीचा बकरा हवा म्हणून. आता बाटलीतले जिवाणू आणि अमोनियाचे थेंब मिळतात. बकऱ्याची गरज उरलेली नाही, रीत तेवढी उरली आहे.

डॅमसेलच्या राज्यानंतर मी शिकलो ते असं: बुजरे आधी, दांडगे शेवटी. पहिला मान फायरफिशचा. पांढरट-केशरी, पाठीवर झेंड्यासारखा उभा पंख. सावली हलली तरी बिळात, आणि फारच घाबरला तर थेट टाकीबाहेर. म्हणून वर जाळीचं झाकण हवंच. त्याच्या सोबतीला गोबी. हे दोघे चरून-फिरून सरावले की क्लाउनफिश, आणि दोन माशांच्या मध्ये निदान दोन-तीन आठवडे. खरं तर प्रत्येक नवा मासा आधी चार आठवडे वेगळ्या डब्यात ठेवावा. त्या पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी एकदा मुख्य टाकीत शिरला की तांब्याचं औषध लागतं, आणि तांबं कोळंब्या-गोगलगायींनाही मारतं.

क्लाउनफिशचं नाव दुकानात 'निमो', आणि मुलांना दुसरं काही नकोच असतं. चांगली निवड आहे. तो पैदाशीचा मिळतो. आपल्याकडेही केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पैदास करून दाखवली आहे. समुद्रात त्याचं घर असलेलं समुद्रफूल टाकीत नसलं तरी त्याचं अडत नाही. फक्त घेताना एक मोठा आणि एक लहान असे दोनच पिल्लू-मासे घ्यावेत. जन्मतः यांच्यात मादी कुणीच नसते. जो मोठा आणि वरचढ ठरतो तो मादी होतो, त्याच्या खालचा नर, बाकीचे लिंबूटिंबू. मादी मेली तर नरच मादी बनतो. दोन पूर्ण वाढलेल्या माद्या एकत्र टाकल्या तर एक उरते. तिसरा 'सोबतीला' घेऊ नये. त्याला सोबत मिळत नाही, मार मिळतो.

मला सगळ्यात मोठा धोका वाटतो तो दिसण्यातल्या सारखेपणाचा. कॅरिबियन समुद्रातला रॉयल ग्रामा पुढून जांभळा, मागून पिवळा. आपल्या कपारीपुरता तापट, बाकी सज्जन. पॅसिफिकमधला रॉयल डॉटीबॅकही पुढून जांभळा, मागून पिवळा आणि पक्का गुंड. दुकानाच्या निळ्या दिव्याखाली दोघे सख्खे भाऊ वाटतात. नीट पाहायचं ते रंग बदलतो तिथे. ग्रामाचा जांभळा ठिपक्याठिपक्यांनी पिवळ्यात विरत जातो आणि पाठीच्या पंखावर पुढे काळा डाग असतो. डॉटीबॅकवर मात्र पट्टीने आखल्यासारखी रेघ असते.

'रीफ सेफ' हा शब्दही असाच फसवा. त्याचा अर्थ प्रवाळाला सेफ, शेजाऱ्याला नव्हे. लायनफिश प्रवाळाला तोंड लावत नाही, पण तोंडात मावेल तो मासा गिळतो. उलट बहुतेक बटरफ्लायफिश माशांशी सभ्य, पण प्रवाळाचे जीव टिपून खाणारे. ट्रिगरफिश कोळंब्या आणि गोगलगायी फोडून खातो. 'डोरी' म्हणून विकला जाणारा निळा टँग हातात तीन इंचांचा दिसतो, वाढतो फूटभर, आणि शेपटीपाशी त्याच्याकडे नस्तरासारखं पातं असतं. तीन फुटांत तो कोंडलेलाच राहतो. मँडरिन हा सगळ्यांत देखणा आणि कुणालाही त्रास न देणारा. पण तो दिवसभर दगडावरचे सूक्ष्म जीव टिपत जगतो. नव्या टाकीत ते नसतातच, आणि तो आपल्या डोळ्यांदेखत पोट खपाटीला जाऊन मरतो. नवख्याने सौंदर्याला भुलू नये, एवढं मी मँडरिनपुरतं तरी म्हणेन.

प्रवाळाचं आपल्याकडे आणखी एक आहे. खडक बांधणारी प्रवाळं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२०मध्ये वरळी-हाजीअलीच्या १८ प्रवाळ-वसाहती हलवताना महापालिकेलाही आधी वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. तेव्हा 'लाइव्ह रॉक'च्या नावाखाली कुणी किनाऱ्यावरून उचललेला प्रवाळाचा तुकडा देत असेल, तर न घेतलेला बरा. माझे दगड भट्टीत भाजलेले, सिरॅमिकचे आहेत. माशांनी तक्रार केलेली नाही.

जोडी पाहायची असेल तर पिवळा वॉचमन गोबी आणि पिस्तूल कोळंबी. कोळंबीला जेमतेम दिसतं, पण ती दिवसभर बुलडोझरसारखी वाळू ढकलत बीळ खणते. गोबी दारात बसून पहारा देतो. बाहेर येताना कोळंबी एक मिशी गोबीच्या अंगावर टेकवून ठेवते. मी काचेजवळ फार वाकलो की गोबी शेपूट थरथरवतो. कोळंबी पाठमोरीच आत सरकते, मागोमाग तोही. रात्री दोघे आत, आणि दार वाळूने बुजलेलं.

हे सगळं डॅमसेल गेल्यावरचं. तो होता तोवर गोबी पंपामागे उभा असायचा. दगडांची मांडणी बदलून पाहिली, कारण जागा अनोळखी झाली की हक्क पुसला जातो म्हणतात. काचेला बाहेरून आरसा लावला; दोन दिवस तो स्वतःशीच भांडला. जाळीने पकडणं अशक्य, दगडांत शिरला की संपलं. शेवटी पाण्याची प्लास्टिकची बाटली वरून कापली, तोंड उलटं करून आत बसवलं, तळाला कोळंबीचा तुकडा ठेवला. तीन दिवस त्याने बाटलीवर संशय घेतला, चौथ्या दिवशी सकाळी आत होता.

दुकानदाराने तो बदली घेतला आणि बाकीच्या तिशीत सोडला. क्षणात मला तो ओळखू येईना. सगळेच शांत, सगळेच निळे. शेजारी एक काका नातवाला घेऊन उभे होते.

"हे भांडत नाहीत ना हो?" त्यांनी विचारलं.

"छे," दुकानदार म्हणाला, "एकदम कडक मासा."