वॅल्परायझो येथील लूथरपंथी विद्यापीठ

शिकागोपासून आग्नेयेस सुमारें पन्नास मैलांवर, अमेरिकेच्या इंडियाना संस्थानांत, वॅल्परायझो नांवाचें एक लहानसें शहर आहे. स्पॅनिश भाषेंत या शब्दाचा अर्थ 'नंदनवनाची दरी' असा होतो. पण शहराच्या भूमीशीं त्या नांवाचा कांहीं संबंध नाहीं. ज्या डेव्हिड पोर्टर नामक नौदलाधिकाऱ्याच्या नांवानें तो जिल्हा ओळखला जातो, त्याची एक लढाई १८१४ सालीं चिली देशांतील वॅल्परायझो बंदराजवळ झाली होती. म्हणून तें नांव इतक्या दूर येऊन बसलें. येथील विद्यापीठांत परीक्षेच्या वेळीं नवख्या माणसास एक गोष्ट चमत्कारिक वाटते. वर्गावर पहारा नसतो. विद्यार्थी उत्तरपत्रिकेवर एक वाक्य लिहितो आणि त्याखालीं सही करतो. वाक्याचा आशय असा कीं, आपण गैर मदत दिली नाहीं, घेतली नाहीं, आणि दुसऱ्या कोणी घेतलेली खपवूनही घेतली नाहीं.

यांतील पहिलीं दोन वचनें कोठेंही ऐकावयास मिळतील. खरी अडचण तिसऱ्यांत आहे. शेजारच्यास चोरून पाहतांना पाहिलें आणि आपण गप्प बसलों, तर स्वतः स्वच्छ असूनही प्रामाणिकपणें सही करतां येत नाहीं. आणि लहान विद्यापीठांत हा शेजारी कांहीं परका नसतो. तो त्याच वसतिगृहांत राहणारा, त्याच गायनवृंदांत गाणारा असतो. चहाडी ही लहानपणापासून निंद्य मानलेली गोष्ट. मैत्री राखावी कीं सहीचा मान राखावा, हा पेंच अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींपुढें उभा राहतो, आणि तो सोपा आहे असें कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाहीं. ही पद्धति वरून लादली असती तर ती चारसहा महिन्यांत मोडून पडली असती. परंतु १९४३ सालीं ती विद्यार्थ्यांनींच पुढाकार घेऊन सुरू केली. तत्कालीन अध्यक्ष ओ. पी. क्रेट्समन यांनीं तिला मान्यता दिली. आरोपाची चौकशीही विद्यार्थ्यांचेंच मंडळ करतें. कांहीं अपराध तरीही लपत असतीलच; पण पहारेकरी ठेवलेल्या परीक्षाही त्या दोषांतून सुटलेल्या नाहींत.

विद्यार्थ्यांवर इतका भार टाकण्याचें धैर्य या संस्थेस कोठून आलें, हें तिच्या पूर्ववृत्तांतावरून थोडेंसें कळतें. मेथडिस्ट पंथाच्या लोकांनीं १८५९ सालीं ती मुलामुलींसाठीं काढली; १८७१ त ती बंद पडली. दोन वर्षांनीं हेन्री बेकर ब्राउन नांवाच्या शिक्षकानें ३५ विद्यार्थी घेऊन ती पुन्हां उघडली. फी थोडी, जेवणाखाण्याचा खर्च बेताचा आणि प्रवेशाच्या अटी सैल, यामुळें शेतकऱ्यांचीं आणि मजुरांचीं मुलें तेथें लोटलीं. लोक तिला 'गरिबांचें हार्वर्ड' म्हणूं लागले. पुढें टेनेसी नदीच्या खोऱ्यांतील सरकारी वीजयोजनेचा पुरस्कार करणारे सेनेटर जॉर्ज नॉरिस येथेंच कायदा शिकले, आणि आकाशवाणीवरील बातम्यांमुळें घरोघर माहीत झालेला लोवेल टॉमस येथूनच १९११ सालीं पदवीधर झाला.

१९१७ सालीं ब्राउन वारले आणि संस्था कर्जांत बुडाली. १९२३ सालीं मुख्य इमारत जळाली. त्याच वर्षीं ती विकत घेण्यासाठीं कु क्लुक्स क्लॅन ही वर्णद्वेषी संघटना पुढें आली. पण सौदा फिसकटला. अखेर १९२५ सालीं लूथरपंथी गृहस्थांनीं स्थापिलेल्या मंडळानें संस्था घेतली. घेणारें चर्च नव्हतें, मंडळ होतें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. विद्यापीठ लूथरपंथी झालें, पण धर्मपीठाच्या हुकमतीखालीं गेलें नाहीं.

लूथर स्वतः विटेनबर्गच्या विद्यापीठांत प्राध्यापक होता, ही गोष्ट त्या पंथाचे लोक विसरत नाहींत. धर्मगुरूचें काम तेवढें पवित्र आणि चांभाराचें वा दाईचें काम हलकें, हा भेद त्यानें मानला नाहीं. प्रत्येकाचा धंदा हें ईश्वरी पाचारणच होय, असें त्याचें प्रतिपादन होतें. त्यामुळें अशा विद्यापीठांत परिचारिकेचा किंवा इंजिनियरिंगचा अभ्यासक्रम धर्मशास्त्राच्या बरोबरीनें बसूं शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर याचें एक ठळक उदाहरण घडलें. येथें इंजिनियरिंगचीं पहिलीं दोनच वर्षें शिकवीत. पुढें विद्यार्थ्यांस दुसरीकडे जावें लागे. पूर्ण अभ्यासक्रम हवा तर इमारत हवी, आणि इमारतीस पैसा नव्हता. तेव्हां १९४८–४९ मध्यें विद्यार्थ्यांनीं स्वतःच्या हातांनीं ती बांधून काढली.

प्रार्थनामंदिराचीही कथा आगीपासूनच सुरू होते. जुनें सभागृह १९५६ त जळालें आणि १९५९ त प्रचंड रंगीत कांचांचें नवें मंदिर उभें राहिलें. महाविद्यालयीन प्रार्थनामंदिरांत तें जगांतील मोठ्यांपैकीं एक गणलें जातें. तेथील उपासनेस कोणावर सक्ती नाहीं, आणि विद्यार्थ्यांत लूथरपंथी आतां अल्पसंख्य आहेत. तरी बाखचें संगीत ऐकावयास पंथाचा दाखला लागत नाहीं. १९६७ सालीं स्थापन झालेल्या 'क्राइस्ट कॉलेज' या विभागांत प्रथम वर्षाचे विद्यार्थी वाचलेल्या ग्रंथांवरून स्वतः एक संगीत नाटक रचून रंगभूमीवर आणतात. एकत्र राहून एकत्र शिकण्याचा याहून गमतीचा प्रकार क्वचितच आढळेल.

गेल्या कांहीं वर्षांत मात्र या संस्थेवर पुन्हां ओढगस्तीचे दिवस आले. सुमारें साडेचार हजारांवर गेलेली विद्यार्थिसंख्या २०२३ पर्यंत तीन हजारांच्या आंत आली. १८७९ सालचें कायद्याचें विद्यालय २०२० सालीं बंद झालें. क्लॅनसारख्या द्वेष पसरविणाऱ्या संघटनांनीं धर्मयोद्ध्याचें चिन्ह आपलेंसें केलें म्हणून २०२१ सालीं विद्यापीठानें आपल्या खेळाडूंचें 'क्रुसेडर' हें जुनें नांव टाकून 'बीकन', म्हणजे दीपस्तंभ, हें नांव घेतलें. त्याबद्दल फारसा खेद करण्याचें कारण नव्हतें. पुढची गोष्ट तशी नव्हती.

पर्सी स्लोन नांवाच्या दात्यानें १९५३ सालीं आपल्या चित्रकार वडिलांच्या स्मरणार्थ विद्यापीठास चित्रें आणि निधि दिला होता. त्या निधींतून १९६२ सालीं जॉर्जिया ओ'कीफ या विख्यात चित्रकर्त्रीचें तांबूस टेंकड्यांचें एक चित्र घेतलें गेलें. पुढें त्याची किंमत कोट्यवधि डॉलरांवर गेली. २०२३ सालीं चालकांनीं हें व आणखी दोन चित्रें विकून प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचीं वसतिगृहें सुधारण्याचें ठरविलें. विद्यार्थीच आले नाहींत तर चित्रें पाहणार कोण, हा त्यांचा प्रश्न निरुत्तर करणारा होता. उलट पक्षाचें म्हणणें असें कीं, दात्याचा शब्द मोडून छप्पर शाकारणें ही काटकसर नव्हे. ज्यांचें नांव चित्रसंग्रहालयास दिलेलें होतें, ते वृद्ध माजी संचालक रिचर्ड ब्राउअर यांनीं विक्री झाल्यास आपलें नांव काढून टाकावें, असें जाहीर केलें.

प्रकरण न्यायालयांत गेलें, तेव्हां विद्यापीठानें मांडलेली बाजू ऐकण्यासारखी होती. स्लोन यांनीं 'जुन्या वळणाची' कला घेण्यास सांगितलें होतें आणि ओ'कीफचें चित्र त्या वळणाचें नाहीं. अर्थात् १९६२ सालची खरेदीच दात्याच्या इच्छेविरुद्ध होती, असा तो युक्तिवाद. साठ वर्षें अभिमानानें मिरविलेल्या चित्राबद्दल अशी कबुली देणें कोणास सुखाचें झालें नसेल. २०२४ सालीं न्यायालयानें विक्रीस परवानगी दिली. त्याच वर्षीं संग्रहालयाचें दार बंद झालें.