धुळीच्या तबकडीतून ग्रह

पीएच.डी. झाल्यावर पुन्हा दोन-तीन वर्षांच्या मुदतीने एखाद्या संस्थेत संशोधन करायचे, याला आमच्या क्षेत्रात ‘पोस्टडॉक’ म्हणतात. सेवाग्रामला घरी आलो, की ‘अजून शिक्षण संपलं नाही का रे?’ हा प्रश्न ठरलेला. शिक्षण संपले आहे, प्रश्न मात्र संपलेला नाही. पृथ्वी वायू आणि धुळीपासून तयार झाली, असे आपण शाळेत शिकतो. पण धुळीच्या कणाचा धोंडा आणि धोंड्याचा ग्रह कसा झाला, हे सांगताना साखळी मध्येच तुटते. त्या तुटक्या दुव्याविषयी आज बोलायचे आहे.

१९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना तारे ओळखण्याची गोडी लागली होती. १९३६ मध्ये ते सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. हिवाळ्यात संध्याकाळी इथल्या शेताच्या बांधावर उभे राहिले, तर पूर्वेला आधी कृत्तिकांचा पुंजका आणि मागून तांबूस रोहिणी वर आलेली दिसते. रोहिणीच्या अगदी शेजारी, पण तिच्या कितीतरी मागे, सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर ‘एचएल टॉरी’ नावाचा तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. त्याचे वय दहा लाख वर्षांच्या आतले आहे. आपल्या सूर्यमालेचे वय सुमारे ४५७ कोटी वर्षे, म्हणजे त्या मानाने हा तारा काल-परवाच जन्मलेला!

तारा जन्मतो तो वायू आणि धुळीचा ढग आकसून. ढगाला आधीपासून थोडी फिरकी असते. फुगडी खेळताना मुली जवळ आल्या, की वेग वाढतो. तसेच ढग आकसताना त्याची फिरकी वाढते. त्यामुळे सगळे द्रव्य ताऱ्यात न पडता त्याच्याभोवती चपटी तबकडी तयार होते. आपली पृथ्वी, गुरू, शनी अशाच तबकडीत घडले. म्हणूनच सगळे ग्रह सूर्याभोवती जवळपास एकाच पातळीत आणि एकाच दिशेने फिरतात.

आता अडचण पाहा. सुरुवातीला धुळीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात. जिनिंगमध्ये कोपऱ्यात कापसाची तूस जमून गोळे होतात, तसेच हे. मिलिमीटर, सेंटिमीटरपर्यंत गाडी ठीक चालते. पुढे मात्र वारा आडवा येतो. तबकडीतला वायू स्वतःच्या दाबाच्या आधारामुळे किंचित सावकाश फिरतो. धोंड्याला तो आधार नसतो, म्हणून तो अधिक वेगाने फिरू पाहतो. परिणामी त्याला ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा सतत समोरून लागतो. त्याचा वेग मोडतो आणि तो घिरट्या घेत ताऱ्याकडे घसरतो.

खळ्यावर उफणणी केली, की कोंडा वाऱ्याबरोबर जातो आणि दाणा जवळच पडतो. तबकडीतही अगदी बारीक कण वायूबरोबर वाहतात आणि डोंगराएवढ्या खडकाला वारा जुमानत नाही. मधल्या, मीटरभराच्या धोंड्याचे मात्र हाल होतात. पृथ्वीच्या अंतरावरचा असा धोंडा काही शतकांत ताऱ्यात जाऊन पडेल. हिशेब खरा मानला, तर ग्रह होण्याआधीच कच्चा माल संपायला हवा. घाई आणखी एका कारणाने आहे. तबकडीतला वायू काही दशलक्ष वर्षांत, फार तर एक कोटी वर्षांत, नाहीसा होतो. गुरूसारख्या वायुग्रहाला त्याआधी आपले पोट भरून घ्यावे लागते.

या कोड्याची किल्ली २०१४ मध्ये हाती लागली. चिलीच्या अटाकामा वाळवंटात, समुद्रसपाटीपासून ५००० मीटर उंचीवर, ‘अल्मा’ ही ६६ अँटेनांची दुर्बीण आहे. तिने एचएल टॉरीभोवतीच्या तबकडीचे चित्र टिपले. ग्रामोफोनच्या तबकडीवर असाव्यात तशी तेजस्वी वलये आणि त्यांमध्ये काळ्या फटी! अल्मा मिलिमीटर तरंगलांबीच्या लहरी टिपते आणि त्या लहरी मुख्यतः साधारण तेवढ्याच आकाराच्या थंड कणांकडून येतात. म्हणजे हे कण वाहून न जाता वलयांत अडकून राहिले होते. जिथे वायूचा दाब वाढलेला असतो तिथे समोरचा वारा थांबतो आणि कण साचतात. शिवाय सायकली थव्याने चालल्या, की मागच्यांना वारा कमी लागतो. तसेच दाटीने फिरणाऱ्या कणांना वायू कमी अडवतो. त्यांचे पुंजके होतात, आणि पुंजका पुरेसा दाट झाला की स्वतःच्याच गुरुत्वाने आकसून एकदम कित्येक किलोमीटरचा खडक होतो. मीटरभराची धोकादायक पायरी ओलांडलीच जाते.

पण त्या फटी कशामुळे पडल्या? आधीच तयार झालेल्या ग्रहांनी, की चुंबकीय क्षेत्राने, की बर्फाची थेट वाफ होण्याच्या सीमांमुळे? ग्रहांनीच पाडल्या असतील, तर पहिला ग्रह कसा झाला हा प्रश्न उरतोच. नरतुरंग तारकासमूहातल्या ‘पीडीएस ७०’ या ताऱ्याच्या फटीत २०१८ आणि २०१९ मध्ये दोन ग्रह प्रत्यक्ष सापडले. प्रत्येक फटीबाबत असे भाग्य नसते. माझ्यासारख्यांचे काम तिथेच असते: संगणकावर तबकडी घडवायची, ती अल्माला कशी दिसेल ते काढायचे आणि खऱ्या चित्राशी ताडून पाहायचे.

महाराष्ट्रातही या विषयाचे धागे आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेली अवरक्त उपकरणे हानले आणि देवस्थळ इथल्या दुर्बिणींवर तरुण ताऱ्यांचा प्रकाश तपासतात. खोडदच्या महाकाय दुर्बिणीच्या लहरी मात्र या धुळीसाठी फार लांब पडतात. सेंटिमीटरभर खड्यांचा माग काढायला आंतरराष्ट्रीय ‘एसकेए’ प्रकल्प उपयोगी पडेल. त्यातल्या भारताच्या सहभागासाठी १२५० कोटी रुपये मंजूर झाल्याचे २०२४ च्या आरंभी जाहीर झाले.

विद्यार्थ्यांना एक सांगावेसे वाटते. अल्माची निरीक्षणे साधारणपणे वर्षभरानंतर सर्वांसाठी खुली होतात. वर्ध्याच्या महाविद्यालयातला मुलगा किंवा मुलगी ती उतरवून घेऊ शकते. त्यासाठी चिलीला जावे लागत नाही. गणित, थोडे संगणकाचे ज्ञान आणि चिकाटी एवढे भांडवल पुरते. काम अजून भरपूर शिल्लक आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)